कुलूप न फोडता

थर्मासचं झाकण काढून मी कपात चहा ओतणार, एवढ्यात बाहेरच्या जाळीच्या दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. घड्याळात पावणेतीन झाले होते.

“अनसूया? आज लवकर आलीस गं?”

जाळी सरकली, पुन्हा लागली. अनसूया आली की आधी अंगणातल्या नळावर पाय धुते, मगच आत येते. नळाचा आवाज झाला नाही.

“कोण आहे?”

दारात एक माणूस येऊन उभा राहिला. तोंडाभोवती टॉवेल गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. हातात मोठा स्क्रू ड्रायव्हर. अंगापिंडानं भरलेला, चाळिशीचा असावा.

“गप बसायचं,” तो म्हणाला. “वरडायचं न्हाई.”

मी ओरडले. होता नव्हता तेवढा जोर काढून शेजारणीला “मठपती वहिनी!” अशी हाक मारली. पण एप्रिलची दुपार होती. आमच्याकडे उन्हाळ्यात जेवणं झाली की सगळी गल्ली दारं-खिडक्या लावून झोपते आणि घराघरातून कूलर सुरू असतात. माझाही सुरूच होता. माझी हाक माझ्याच घराबाहेर गेली असेल की नाही, देव जाणे.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. तीस वर्षं सरकारी आरोग्य केंद्रांत नर्स म्हणून काढली, त्यामुळे गावात सगळे मला सुरवसे सिस्टर म्हणूनच ओळखायचे. त्या दिवशी माझ्या उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला एकोणीस दिवस झाले होते. टाके निघाले होते, पण गुडघा अजून सुजलेला होता आणि वॉकरशिवाय मला न्हाणीघरापर्यंतसुद्धा जाता येत नव्हतं. यजमान जाऊन सात वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा धनंजय चिंचवडला एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. माझं सगळं करायला अनसूया यायची. सकाळी आठ ते एक आणि पुन्हा चार ते आठ. मधले तीन तास ती घरी जायची, तेव्हा बाहेरून कुलूप लावून जायची. हे माझंच म्हणणं होतं. कुणी बेल वाजवली तर मला उठायला नको.

त्या माणसानं खोलीभर नजर फिरवली. शोकेसची काच सरकवली आणि आतले पेले हातानं खाली लोटून दिले. कपाटाच्या वरची सूटकेस ओढून पाडली. ती उघडून बघितलीसुद्धा नाही. माझ्या हातात चार बांगड्या होत्या, गळ्यात चेन होती. त्याकडे त्यानं पाहिलं नाही. हे सगळं मला नंतर आठवलं. त्या वेळी मला फक्त त्याच्या हातातलं ते टोकदार लोखंड दिसत होतं.

“काय पाहिजे तुला? चेन घे. घे आणि जा.”

“एकटं ऱ्हायलं की असंच हुतं,” तो म्हणाला. पाठ करून आल्यासारखा म्हणाला. “म्हाताऱ्या माणसानं एकटं ऱ्हाऊ न्हाई.”

आणि मग तो माझ्याजवळ आला. माझा पाय समोरच्या स्टुलावर लांब केलेला होता, डाव्या हाताला वॉकर उभा होता. त्यानं वॉकर धरला आणि ओढला.

मला कसं सांगावं कळत नाही. सुरा मानेला लावला असता तरी मी कदाचित गप्प बसले असते. पण एकोणीस दिवस ते चार पाय म्हणजेच माझे पाय होते. तो माणूस माझे पाय उचलून नेत होता. मी डाव्या हातानं वॉकरची दांडी घट्ट पकडली. त्यानं हिसका दिला. मी सोडली नाही. माझी बोटं सोडवायला तो खाली वाकला, त्याचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर आला, आणि उजव्या हातातला उघडा थर्मास मी त्याच्या डोळ्यांवर रिकामा केला.

अनसूया चहा उकळता भरून ठेवायची. चार वाजेपर्यंत त्यातून वाफ यायची.

तो जो ओरडला तसं ओरडणं मी प्रसूतीच्या खोलीतही कधी ऐकलं नव्हतं. दोन्ही हात तोंडावर घेऊन तो सरळ झाला. मी वॉकर दोन्ही हातांनी धरून होता तेवढा जोर लावून त्याच्या मांड्यांवर ढकलला. तो मागं गेला, खाली काचा होत्या, त्याचा पाय घसरला आणि तो पाठीवर पडला. पडताना डोकं दिवाणाच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटलं. त्याच जोरात मीही खुर्चीतून पुढं गेले आणि वॉकरसकट जमिनीवर आले. गुडघ्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं. डोळ्यांपुढं पांढरं झालं.

भानावर आले तेव्हा आम्ही दोघंही फरशीवर होतो. मध्ये चार-पाच फुटांचं अंतर. माझ्या गाऊनवर रक्त पसरत होतं. जखम पुन्हा उघडली होती. तो उठायचा प्रयत्न करत होता, पण डावा पाय टेकला की किंचाळून परत बसत होता. घोटा बाहेरच्या बाजूला वळला होता. टॉवेल निघाला होता. साधा, रापलेला चेहरा. डोळे गच्च मिटलेले, भोवतीची कातडी लालबुंद.

“मावशी, पाणी,” तो म्हणाला. “डोळं गेलं माझं. पाणी द्या.”

पाण्याचा तांब्या स्टुलापाशी, माझ्या हाताला लागेल असा होता. नुसता ढकलला असता तरी त्याच्यापर्यंत गेला असता.

“कुलूप कसं उघडलंस?” मी विचारलं.

“पाणी द्या आधी.”

“किल्ली कुणी दिली? ते सांग, मग देते.”

“न्हाई सांगता येत, मावशी. शपथ हाय मला.”

“मग राहा तसाच.”

तीस वर्षं मी खेड्यापाड्यांत बायकांना सांगत हिंडले, भाजलं की पहिल्यांदा पाणी, दुसरं काही नाही, पहिल्यांदा पाणी. आणि मी तांब्यावर हात ठेवून बसून राहिले. दोन मिनिटं असतील, चार असतील. तो रडत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते.

माझा मोबाइल आत पलंगापाशी चार्जिंगला लावलेला होता. तिथपर्यंत सरपटत जायचं तर त्याला ओलांडून जावं लागलं असतं. तेवढ्यात कुठंतरी फोन वाजला. त्याच्या खिशातून निसटून दिवाणाखाली गेलेला, छोटा साधा फोन. त्यानं चाचपडायला सुरुवात केली. पण त्याला दिसत नव्हतं आणि मला दिसत होतं. मी वॉकरच्या पायानं तो फोन माझ्याकडे ओढला.

“घेऊ नका, मावशी,” तो म्हणाला. “फोन घेऊ नका. पाया पडतो.”

पडद्यावर ‘साहेब’ असं आलं होतं. मला वाटलं, कुणी का असेना, माणूस आहे, मदत मागू. मी बटण दाबलं. पण तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज आला.

“गोरख, झालं का? लवकर बाहेर पड आता. हात नाही ना लावलास आईला? घाबरली का ती? फार नाही ना घाबरली?”

मी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा कानाला लावला.

“हॅलो? गोरख?”

धनंजय झोपेत बोलायचा, तापात बरळायचा, घोगरा आवाज काढून माझ्या मैत्रिणींना फसवायचा, तेव्हाही मी त्याचा आवाज ओळखत होते. इथं तर तो स्वतःच्याच आवाजात बोलत होता.

“धनू,” मी म्हणाले.

पलीकडे मशीनचा घरघर आवाज येत होता.

“धनू, मी पडलेय. जखम उघडलीय. याचे डोळे भाजलेत, घोटा मोडलाय. ॲम्ब्युलन्स पाठव.”

“आई—”

“आधी ॲम्ब्युलन्स.”

मी फोन ठेवला. मग तांब्या उचलला. बसल्या जागेवरून सरकत, पाय मागं ओढत त्याच्यापर्यंत गेले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटांनी पापण्या उघडून डोळ्यांत पाण्याची धार धरली. “मला हात लावायचा नव्हता, मावशी,” तो सारखं म्हणत होता. “साहेबांनी सांगितलं, फक्त भ्या दाखव आन निघ. साहेबांनी मला नोकरीला लावलंय.” मी त्याला म्हटलं, बोलू नकोस, डोळे हलवू नकोस. मला त्याच्यावर राग येत नव्हता. कशावरच काही येत नव्हतं. हात आपोआप चालले होते.

दहा मिनिटांत शेजारच्या मठपती वहिनी आणि त्यांचे यजमान धावत आले. धनूनं त्यांना फोन करून सांगितलं होतं, आईचा फोन लागत नाहीये, जरा बघता का. त्याचं डोकं माझ्या मांडीवर बघून वहिनी दारातच किंचाळल्या. मग त्यांच्या यजमानांनी जाळीचं दार पाहिलं, कुलूप हातात घेतलं.

“फोडलेलं नाही,” ते म्हणाले. “किल्लीनं उघडलंय. म्हणजे ती बाईच. कुणाला कामाला ठेवायची आता सोय राहिली नाही.”

मी ऐकलं. माझं तोंड उघडं होतं. पण त्यातून शब्द आला नाही.

दवाखान्यात जखम पुन्हा शिवली. गुडघा आतून शाबूत होता. पाच वाजता फौजदार आले. तरुण होते, अदबीनं बोलत होते.

“सिस्टर, एवढंच सांगा. किल्ल्या किती आणि कुणाकडे?”

“तीन. एक घरात खिळ्याला असते. एक अनसूयाकडे.”

“आणि तिसरी?”

“मुलाकडे. चिंचवडला.”

त्यांनी लिहून घेतलं, ‘मुलगा’ या शब्दावर त्यांची पेन्सिल थांबलीसुद्धा नाही. “या बाईचं पूर्ण नाव काय? राहते कुठं?” मी नाव सांगितलं. गल्ली सांगितली. “तिच्यावर संशय आहे का तुमचा?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी भिंतीकडे बघत राहिले. त्यांनी ते दुखण्यामुळे असं धरलं आणि वही मिटली.

संध्याकाळी साडेसातला धनू आला. गाडी कशी चालवत आला असेल तोच जाणे. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. पलंगाशेजारी बसला आणि माझा हात हातात घेऊन लहान मुलासारखा रडला.

“मला वाटलं, तू घाबरशील आणि माझ्याकडे येशील,” तो म्हणाला. “किती वेळा सांगितलं तुला, आई? दहा वेळा? वीस वेळा? तू ऐकतच नाहीस. रोज रात्री तुझा फोन यायला उशीर झाला की वाटतं, पडली असेल, गेली असेल, कुणाला कळणारसुद्धा नाही. मी काय करायला हवं होतं?”

“मला माणूस पाठवायला हवा होता?”

“तो फक्त घाबरवणार होता. पाच मिनिटं. तू अशी... तू असं काही करशील हे माझ्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.”

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. खरं सांगते, त्या क्षणी मी त्याला क्षमा केली होती. वेडा आहे, जिवाच्या काळजीनं वेड्यासारखं करून बसला, असंच माझ्या मनात होतं. बाहेर कुणाला काही कळू द्यायचं नाही, हेही मी मनात ठरवून टाकलं होतं.

“गोरखचं काय?” मी विचारलं.

“डावा डोळा जाईल म्हणतात. उजवा वाचेल. त्याच्या घरच्यांचं सगळं मी बघीन. तो काही बोलणार नाही. चोरीला आलो होतो एवढंच सांगतोय.”

“आणि अनसूया?”

त्यानं डोळे पुसले. मग खाली बघत म्हणाला, “तिला चौकशीला नेलंय.”

“नेलंय?”

“घराची झडती झाली. मठपती काका सांगत होते. आता सोडलीय, पण उद्या सकाळी परत बोलावलंय.”

“धनू, ती काय सांगणार त्यांना?”

“तिच्याविरुद्ध काही सापडणारच नाही, आई. आठ-दहा दिवस त्रास होईल, मग सोडून देतील. तिचं काय बिघडणार आहे? माझी नोकरी जाईल. माझं सगळं जाईल.”

त्याचा आवाज अगदी शांत होता. हिशोब जमल्यावर माणूस बोलतो तसा. फोनवर त्याचा आवाज ऐकला तेव्हा मला बसला नव्हता एवढा धक्का मला तिथं बसला. मी माझा हात सोडवून घेतला.

“तिचं काय बिघडणार आहे,” मी म्हणाले.

“आई, तसं नाही—”

“तू जा आता. मला झोपायचंय.”

सकाळी आठ वाजता फौजदार पुन्हा जबाबाला आले. धनू खिडकीपाशी चहाचा कप घेऊन उभा होता. मी म्हटलं, “साहेब, काल एक सांगायचं राहिलं. त्या माणसाच्या फोनवर एक फोन आला होता, तो मी घेतला. लिहून घ्या.” मी सांगत होते तेव्हा धनूनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. माझं संपलं तेव्हा त्यानं कप खिडकीत ठेवला आणि फौजदारांच्या आधीच दाराकडे चालू लागला.

पुढं सगळं रीतीप्रमाणे झालं. दोघांवर खटला भरला. धनूची नोकरी गेली. सूनबाईनं मला फोन करून विचारलं की तुम्ही आई आहात की कोण. सहा वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. आता नाशिकला असतो, स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, दिवाळीला फोन करतो. तब्येत विचारतो. मीही त्याची विचारते. गोरखच्या डाव्या डोळ्याला शेवटपर्यंत दिसलं नाही. डॉक्टरांनी मला सांगितलं की लगेच पाणी मारल्यानं उजवा वाचला. मी त्यांना म्हटलं नाही की लगेच मारलं नव्हतं.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

मी घरी आल्यावर चौथ्या दिवशी अनसूया आली. सकाळी दहाच्या सुमाराला. मठपती वहिनींनी एक बाई बघून दिली होती, ती आत भांडी घासत होती. अनसूया नळावर पाय धुवायला थांबली नाही. दारातच उभी राहिली.

“माझा डबा हितं ऱ्हायलाय,” ती म्हणाली. “आन लुगडं. मागं वाळत घातल्यालं.”

“ये ना आत. बस.”

“न्हाई बसत.”

तिच्या घरची झडती कशी झाली ते मला एव्हाना कळलं होतं. ट्रंक गल्लीत आणून उपडी केली होती. मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती, त्या लोकांनी निरोप पाठवला होता की तूर्त राहू द्या.

“अनसूया, माझं चुकलं. मी एक रात्र गप्प बसले. त्याच दिवशी बोलायला पाहिजे होतं.”

“बोललासा की दुसऱ्या दिवशी. पोटच्या पोराच्या विरोधात बोललासा. गावात कुणी बोललं नसतं.” तिनं आतल्या बाईकडे एकदा बघितलं. “एक इचारू का, बाई? खरं सांगायचं.”

“विचार.”

“त्यो मानूस किल्लीनं आत आला, तवा तुमच्या मनात कुणाचं नाव आलं?”

आतली बाई भांडी घासायची थांबली होती. मी खोटं बोलू शकले असते. कुणाचंच नाही, असं म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं.

“तुझं,” मी म्हणाले. “तो खाली पडून पाणी मागत होता, तेव्हाही तुझंच. त्याच्या तोंडून तुझं नाव ऐकायला मी पाणी अडवून बसले होते.”

तिनं मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. पदर नीट केला.

“मला फौजदारानं गाडीत बसवलं,” ती म्हणाली, “आन म्हनला, कुलूप फोडल्यालं न्हाई, किल्लीनं उघडलंय. तवाच मला कळलं. किल्ल्या तीनच. माझी माझ्याकडं, एक खिळ्याला. ऱ्हायली कुणाची? दीड तास बसवलं त्येंनी मला, बाई. एका पोलीस बाईनं कानाखाली मारली. सारखं एकच, कुणाला दिली सांग. मला ठाव हुतं कुणाकडं हाय.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगायचं?” अनसूया म्हणाली. “तुमी दवाखान्यात पडल्यालासा. म्हटलं, आईला आधी बरं हुऊ द्या, मग कळू द्या.”

मग ती आत गेली, डबा घेतला, मागच्या दोरीवरचं लुगडं घडी करून काखेत मारलं, आणि आली तशी निघून गेली.